टाकी भरलेली हवी की रिकामी?

टोकियोच्या सुमिदा भागात सुमो कुस्त्यांचं प्रेक्षागृह आहे, कोकुगिकान. १९८५ साली सुरू झालेल्या या इमारतीच्या ८,४०० चौरस मीटर छपरावरचं पावसाचं पाणी तळघरातल्या दहा लाख लिटरच्या टाकीत उतरतं आणि तिथून स्वच्छतागृहांना जातं. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे साधारण १२० मिलिमीटर पावसात टाकी काठोकाठ. टोकियोत पाऊस कमी-अधिक बाराही महिने असतो, त्यामुळे तीच टाकी वर्षभर भरत-उपसत राहते.

मुंबईत १२० मिलिमीटर जुलैतला एखादा दिवसच देऊन जातो. टाकी लगेच भरेल, सप्टेंबरपर्यंत वाहत राहील आणि पाऊस गेला की एकदाच वापरून संपेल.

मुंबईतल्याच शिवाजी पार्क मैदानाचं बघा. क्षेत्रफळ सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. वर्षाला २,००० मिलिमीटर पाऊस धरला तरी मैदानावर २२ कोटी लिटरहून जास्त पाणी पडतं. हिरवळीला रोज ५ मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर आठ कोरड्या महिन्यांत साडेतेरा कोटी लिटर लागेल. पाणी पुरून उरतं. पण तेवढं साठवायला ऑलिम्पिक मापाचे पन्नासहून अधिक तरणतलाव जमिनीखाली बांधावे लागतील. खर्चाचा आकडा न काढलेलाच बरा.

मग साठवण जमिनीवरच सोपवायची. या मैदानाची लाल धूळ घराघरांत शिरते ही रहिवाशांची जुनी तक्रार. ती बसवायला पाणी हवं म्हणून महापालिकेने इथे विहिरी घेतल्या. तुडवून घट्ट झालेली माती पाणी आत घेत नाही. विहीर तो थर ओलांडून पावसाला थेट खाली नेते, आणि नंतर तेच पाणी झिरपून विहिरीत येतं. मात्र समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. किनाऱ्यालगत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतं. भूजलाची पातळी उपशाने एक मीटर खाली गेली, तर खालची खारी सीमा कालांतराने चाळीसेक मीटर वर सरकू शकते. तेव्हा पंप किती तास चालवायचा, हे हिरवळीइतकंच समुद्रालाही विचारावं लागतं.

जवळच, पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता भागात गणित उलटं आहे. तिथलं तुंबलेलं पाणी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत नेलं जातं, कारण ऐन भरतीत ते समुद्रात सोडता येत नाही. पुढची सर येण्याआधी या टाक्या रिकाम्या झाल्याच पाहिजेत. बागेला भरलेली टाकी हवी, पुराला रिकामी. एकाच टाकीवर दोन्ही कामं लादली तर दोन्ही बिघडतात. फार तर मोसमातली शेवटची सर अडवून ठेवता येईल. पण ते रस्त्यावरून आलेलं पाणी, त्यात तेल, गाळ आणि मैलाही. गाळून-शुद्ध करून घेतल्याशिवाय ते मुलं लोळतात त्या गवतावर मारू नये.