श्वास मोजायचे पैसे कोण देतं?

कर्जतहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, तेव्हा कुठे ती बोरघाट चढते. योग, ध्यान, संगीत, नृत्य या उपचारांच्या वैद्यकीय चाचण्यांचं अगदी तसंच आहे. पाच-पंचवीस जणांवरचा प्रयोग स्वतःच्या हिमतीवर उरकता येतो. हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षांचा पाठपुरावा म्हटलं की मागून अनुदानाचा रेटा लागतोच. योग यंत्रांनी मोजणारी भारतातली पहिली मोठी प्रयोगशाळा खोपोलीच्या डोक्यावर, लोणावळ्यात उभी राहिली, हे कर्जत-खालापूरच्या किती पोरांना माहीत असेल?

पोटातली पोकळी आणि पाऱ्याची नळी

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. योगाचे फायदे सांगणारे तेव्हाही रग्गड होते. या गृहस्थांनी मात्र बडोद्याच्या हॉस्पिटलात जाऊन उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांचे चक्क एक्स-रे काढले. त्यावरही समाधान होईना. मग नौली करणाऱ्याच्या गुदमार्गात रबरी नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पाऱ्याचं दाबमापक. पोटाचे स्नायू मध्यभागी दांड्यासारखे उभे राहिले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी व्हायचा आणि पारा ते दाखवायचा. बस्ती या योगक्रियेत गुदमार्गाने पाणी आपोआप वर का ओढलं जातं, याचं उत्तर मिळालं! या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’.

1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. त्यात आसनांच्या छायाचित्रांशेजारी प्रयोगांचे आकडे छापले जायचे. आणि पैसा? तो बराचसा संस्थानिक आणि धनिकांकडून आला. पोरबंदरच्या महाराजांचं, राणा नटवरसिंहजींचं नाव तिथल्या प्रयोगशाळेला लागलं ते त्यामुळेच.

1927 मध्ये महात्मा गांधींची तब्येत बिघडली, रक्तदाब वाढला, तेव्हा आसनांबाबत त्यांनी पत्रं लिहून सल्ला घेतला तो याच कुवलयानंदांचा.

येल ते लोणावळा, फेलोशिपवर

मन-शरीर उपचारांवरच्या परदेशी अनुदानाची गोष्ट आजकालची वाटते ना? 1930च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारा मूळचा केरळी तरुण, कोवूर बेहनान, तिथली स्टर्लिंग फेलोशिप घेऊन थेट लोणावळ्याला आला. कुवलयानंदांकडे प्राणायाम शिकला, परत जाऊन स्वतःवरच मोजमाप केलं आणि 1937 साली पुस्तक काढलं. उज्जायी हा प्राणायाम करताना शरीर नेहमीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त प्राणवायू वापरतं, असं त्याला दिसलं. आणखी एक निष्कर्ष त्याने लपवला नाही: प्राणायामानंतर लगेच बेरजा-वजाबाक्या करायला घेतल्या तर वेग मंदावतो. ज्या विद्येवर आपला जीव आहे तिच्याविरुद्ध जाणारा आकडाही छापणं, हा खरा संशोधकाचा बाणा.

हृदय थांबवणारे योगी

‘अमुक महाराज हृदय बंद करतात’ ही कथा आजीकडून ऐकलेली असतेच. अमेरिकेतले संशोधक वेंगर आणि बागची 1957 साली यंत्रं घेऊन भारतभर फिरले. दिल्लीच्या एम्सचे डॉ. आनंद यांच्यासोबतचा त्यांचा निबंध 1961 मध्ये आला. मनगटावर नाडी लागेना, स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येईना, पण ईसीजीच्या कागदावर हृदय मजेत चालू! श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू घट्ट आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागत नाही. ही करामतही थोडीथोडकी नव्हे, पण तिचं नाव वेगळं.

खोटा प्राणायाम कुठून आणायचा?

गोळीची चाचणी सोपी. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तशीच साखरेची गोळी, कुणालाच पत्ता नाही. पण नकली शवासन कसं द्यायचं? आपण गाणं ऐकलं की नाही, हे रुग्णाला कळणारच. या चाचण्यांतली सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि खर्च वाढतो तोही इथे: तुलनेच्या गटालाही काहीतरी द्यावं लागतं, शिक्षक सगळीकडे एकाच पद्धतीने शिकवणारे लागतात आणि निकाल तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे कळू द्यायचं नसतं.

भारतात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ‘योगा-केअर’ चाचणीने. हार्ट अटॅक येऊन गेलेले 3,959 रुग्ण, 24 हॉस्पिटलं, पैसा आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा. एका गटाला 12 आठवड्यांत योगाची 13 सत्रं, दुसऱ्याला माहितीची 3 सत्रं. निकाल 2020 मध्ये छापून आला. मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, तातडीने भरती व्हावं लागणं अशा घटना योग गटात 131, दुसऱ्यात 146. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक ठोस ठरला नाही. मात्र योग गटातल्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. शेतात परत उभं राहता येणं हा बोरघाटाखालच्या माणसासाठी लहान निकाल नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्णांवर योगाची चाचणी केली. डॉ. नीता नायर यांनी 2022 साली सॅन अँटोनिओच्या परिषदेत ती मांडली: आजार न उलटता जगण्यात 15 टक्के आणि एकूण जगण्यात 14 टक्के सापेक्ष सुधारणा. ‘सापेक्ष’ हा शब्द वाचताना गाळू नका, शंभरातल्या पंधरा बायका जास्त वाचल्या असा त्याचा अर्थ नाही. याच टाटा मेमोरियलला खालापूर तालुक्यात तांबाटीला राज्य सरकारने जागा दिली आहे, आयुर्वेदासह एकात्मिक कर्करोग उपचार आणि संशोधनासाठी.

चित्रांनी बांधलेलं घर

कर्जतजवळ वेणगावला ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, उपचार करायचे आणि घरी पोचवायचं हे डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, तोवर हजारो माणसं घरी परतली होती. त्यांचं दहिसरचं पहिलं केंद्र उभं राहण्यामागे कलेचा पैसा आहे. जे. जे. कला महाविद्यालयातले एक अध्यापक रस्त्यावर सापडले, बरे झाले. मग चित्रकारांनी आपली चित्रं दिली, प्रदर्शन भरलं, निधी जमला. कर्जतचं केंद्र 2006 सालचं.

कलेची चाचणी करायला पैसा मिळतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 साली संगीत आणि मेंदू या विषयासाठी पाच वर्षांत 2 कोटी डॉलर जाहीर केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना वर्षानुवर्षं नाच शिकवत आहेत. पावलं अडखळणारी माणसं तालावर सरळ चालताना तिथे दिसतात. आपल्याकडे योग आणि ध्यानाच्या संशोधनासाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘सत्यम’ योजना 2015 पासून आहे, ही जमेची बाजू. नाच, गाणं, चित्र यांच्या वाट्याला मात्र अजूनही मुख्यतः देणगीदारांची माया येते. माझ्या मते ही मोठी चूक आहे. देणगीतून वर्ग चालतो. तो वर्ग हजार लोकांच्या उपयोगी आहे का, हे ठरवायला अनुदानच लागतं. आणि अशी एखादी चाचणी कर्जतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ठाकर-कातकरी वाड्यांतल्या माणसांसोबत, त्यांच्याच नाचा-गाण्यावर का होऊ नये?

उद्या अशी चाचणी घेऊन कुणी दारात आलं, तर आनंदाने ऐका आणि तीन गोष्टी नक्की करा. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. 2007 पासून चालणारी ही राष्ट्रीय नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते आणि पैसा कुणाचा तेही तिथे लिहिलेलं असतं. संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. आणि भाग घेण्यासाठी कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.