स्त्रीचे बाह्य जननेंद्रिय: पुढून मागे

शरीररचनाशास्त्रात दिशा ठरवताना माणूस ताठ उभा आहे, तोंड समोर आणि तळहात पुढे वळलेले आहेत, असे गृहीत धरतात. पोटाकडची बाजू अग्र, पाठीकडची पश्च. शरीराच्या मध्यरेषेपासून दूर ते पार्श्व. डावे-उजवे नेहमी रुग्णाचे, तपासणाऱ्याचे नव्हे. स्त्री उताणी झोपली तरी ही नावे बदलत नाहीत.

बाह्य जननेंद्रियाला भग म्हणतात. योनी हा आतला मार्ग. भगात त्याचे फक्त द्वार दिसते. सर्वांत पुढे जघनास्थीवर चरबीचा केसाळ उंचवटा असतो. तिथून मागे जाणाऱ्या दोन जाड घड्या म्हणजे बृहद्भगोष्ठ आणि त्यांच्या आत बिनकेसांचे, पातळ लघुभगोष्ठ. त्यांचा रंग, लांबी आणि आकार प्रत्येकीत वेगळा असतो. दोन बाजू सारख्या नसणे हा दोष नाही.

लघुभगोष्ठ पुढे जिथे जुळतात तिथे शिश्निका असते. बाहेर दिसते ते केवळ टोक. तिचा मोठा भाग आत पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातील मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी 1998 मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे हे सविस्तर मांडले. स्त्रीच्या लैंगिक सुखाच्या या मुख्य अवयवाचे पाठ्यपुस्तकांतील वर्णन तोवर अपुरे राहावे, हे वैद्यकशास्त्राला शोभणारे नव्हते.

शिश्निकेमागे मूत्रद्वार, त्यामागे योनिद्वार, मग मूलाधाराची जागा आणि शेवटी गुदद्वार. लघवी आणि पाळीचे रक्त वेगवेगळ्या द्वारांतून येते, हे अनेक मुलींना कुणी सांगितलेलेच नसते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांब असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. म्हणून शौचानंतर पुढून मागे धुवावे.

योनिद्वाराच्या कडेला योनिपटल असते. ते बहुधा द्वार पूर्ण झाकत नाही, शिवाय त्यावरून कौमार्य कळत नाही. बलात्काराच्या तपासात योनीत बोटे घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले आणि 2022 मध्ये ती करणाऱ्यांना दोषी धरण्याचा इशारा दिला.

तपासणीत जागा नेमकी सांगण्यासाठी डॉक्टर भगाकडे घड्याळाच्या तबकडीसारखे पाहतात: शिश्निकेकडे 12, गुदद्वाराकडे 6. योनिद्वाराच्या मागच्या भागात, साधारण 4 आणि 8 वर, बार्थोलिन ग्रंथी असतात. त्यांचे तोंड बंद झाले की एका बाजूला गाठ येते. दवाखान्यात ‘खाली दुखतंय’ एवढ्यावर थांबू नये. पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, आत की बाहेर, हे निःसंकोच सांगावे.