अकळगवीच्या गुहेत साठलेला पाऊस

बेळगावजवळच्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला भात अजूनही आभाळाकडे डोळे लावून असतो. तिथे तीनशे वर्षांपूर्वी पाऊस कसा पडत होता, हे मात्र सरकारी दप्तरात सापडणार नाही. हवामान खातं स्थापन झालं 1875 साली. पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, सोलापूरचा सगळा पट्टा 1876 ते 78 च्या दुष्काळात होरपळला. असं संकट किती वर्षांनी फिरून येतं, हे ठरवायला दीडशे वर्षांचे आकडे अपुरेच.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, अकळगवीच्या गुहेत, याहून जुनी नोंद मिळाली. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी वाटेतला चुना विरघळवत गुहेत ठिबकतं आणि खाली चुन्याचा खुंट थराथरानं वाढत जातो. यादव, रमेश आणि पंत या शास्त्रज्ञांनी अशा एका खुंटातून 331 वर्षांचा पाऊस वाचला. 2004 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिजनचे अणू हलके आणि जड अशा दोन्ही प्रकारचे असतात. इकडे पाऊस जोरात झाला, की त्याच्या पाण्यात जड अणूंचं प्रमाण घटतं. थरांमध्ये ते वाढलेलं दिसलं, तर पाऊस हात आखडून पडला असं समजायचं.

सागवानही असाच साक्षीदार. उन्हाळ्यात त्याची पानं झडतात, वाढ थांबते, म्हणून खोडात वर्षाचं एकेक कडं उमटतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या एच. पी. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागावरून 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका जुळवली. एल निनोच्या कोरड्या वर्षांत कडी अनेकदा अरुंद निघाली. अर्थात झाड आपली वाढ सांगतं, पावसाचे मिलिमीटर नव्हे. कीड लागली तरी कडं बारीक होतं. म्हणून एका खोडावर कोणी विसंबत नाही.

आणखी मागे जायचं तर बुलढाण्यातलं लोणार. तिथल्या तळ्याच्या गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. पाणी आटून फार खारट झालं की ते तयार होतात. त्यांवरून सुमारे 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे दोन प्रदीर्घ कोरडे काळ उलगडले. चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुर्गादेवीचा दुष्काळ यांतल्या दुसऱ्या काळाच्या शेवटाच्या आसपास येतो. या कोरड्या काळांपुढे आपला 1972 चा दुष्काळ, कितीही भयंकर असला तरी, अल्पायुषी वाटतो.

युरोपात जुन्या घरांच्या तुळयांवरूनही कड्यांच्या अशा मालिका मागे नेल्या गेल्या आहेत. आपल्याकडे वाडा पाडला की सागवान थेट वखारीत जातं. तिथे तुळई रंधली, की सालीलगतची शेवटची कडी निघून जातात आणि झाड नेमकं कोणत्या वर्षी तोडलं हे कळायची सोय राहत नाही.