शेवट ठाऊक असलेली गोष्ट

कर्णाच्या रथाचं चाक ऐन वेळी रुतणार, हे ‘मृत्युंजय’ हातात घेणाऱ्याला पहिलं पान उलटण्याआधीच माहीत असतं. तरी १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ही जाडजूड कादंबरी आजही वाचली जाते. म्हणजे ‘पुढे काय झालं’ या उत्सुकतेवर ती चालत नाही. पुराणकथा नव्यानं सांगितली की वाचक गुंततो तो मूळ ग्रंथ जिथे गप्प बसला आहे त्या जागी. महाभारत माणसांनी काय केलं ते तपशिलानं सांगतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते पुष्कळदा सांगतच नाही. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्णाला ओळखून कुंती मूर्च्छित पडते आणि त्यानंतर थेट युद्ध तोंडाशी येईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एवढी वर्षं ती काय सोसत होती? सावंतांनी कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, पत्नी वृषाली आणि कृष्ण यांना आपापल्या तोंडून बोलायला लावलं, ते या रिकाम्या जागांसाठीच. वृषालीला तर मूळ कथेत जवळजवळ आवाजच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ऋषींनी लिहिलेल्या कथेत ढवळाढवळ कशाला? पण हा उद्योग आजकालचा नव्हे. आदिपर्वातला दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला ओळखून-सवरून नाकारतो. तिथे दुर्वासांचा शाप नाही की हरवलेली अंगठी नाही. कालिदासाच्या नाटकात या दोन्ही गोष्टी आल्या आणि राजा दोषातून सुटला. (त्या बदल्यात राजाला सडेतोड सुनावणारी आदिपर्वातली तेजस्वी शकुंतला बरीच मवाळ झाली, हा तोटाही मान्य करायला हवा.) खुद्द महाभारताची संहिताही अशा ढवळाढवळीतून सुटलेली नाही. भांडारकर संस्थेनं असंख्य हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सूतपुत्राला वरणार नाही असं द्रौपदी स्वयंवरात म्हणते, तो प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. कर्णाविषयीची आपली निम्मी कणव ज्या अपमानावर उभी आहे, तोच मुळी कुणा जुन्या कथनकारानं घातलेली भर ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रिकामी जागा भरता भरता लेखक नायकाचे डागही पुसून टाकतो. सभापर्वात द्रौपदीला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगणारा माणूस कर्णच आहे. तिथे ग्रंथ गप्प नाही, चांगला स्पष्ट बोलतो. जिथे मूळ कथा बोलते तिथे तिचं ऐकायचं आणि जिथे ती थांबते तिथून कल्पनेनं पुढे जायचं, हे पथ्य सुटलं की पुनर्कथन आरतीसारखं होतं. आरतीला भक्त मिळतात, पण माणूस समजून घ्यायची ओढ त्यात उरत नाही. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही १९६७ सालचंच. ती कादंबरी नव्हे, व्यक्तिरेखांची चिकित्सा. पण तिची पकड कमी नाही, कारण कर्णाला तिथे कसलीही सूट मिळत नाही आणि विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा असा तर्क मांडतानाही बाईंचं बोट संहितेवरच असतं. ‘मृत्युंजय’ वाचून भारावलेल्यांनी पाठोपाठ ‘युगान्त’मधलं कर्णावरचं प्रकरण वाचावं आणि मग सभापर्वातला द्यूताचा प्रसंग मुळातून काढून पाहावा.