स्वादुपिंडाचा जुनाट दाह : न दिसणारे दुखणे आणि सरकारी मदतीची वाट

पोटदुखी हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळलेला आहे की, त्यामागे वर्षानुवर्षांचे आजारपण असू शकते हे आपल्या ध्यानातच येत नाही. ओवा, सोडा, पित्ताची गोळी यांवर भागवले जाते. नाहीच भागले तर सलाईन लावून माणूस घरी येतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. यांतल्या काही रुग्णांच्या बाबतीत दोष जठराचा नसतो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवी पसरलेली स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिचा तो विकार असतो.

ही ग्रंथी दोन कामे करते. अन्न, विशेषतः तेल-तूप व प्रथिने, पचविणारे रस ती आतड्यात सोडते आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन तयार करते. तिला वारंवार सूज आली म्हणजे ती हळूहळू कठीण व निकामी होत जाते, रसाच्या नळीत खडे धरतात. दुखणे बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाते व जेवणानंतर वाढते. रुग्ण गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो, कारण तेवढ्यानेच थोडा आराम पडतो. खाल्ले की दुखते म्हणून तो खाणे कमी करतो आणि वाळत जातो. पुढे शौचास तेलकट, चिकट होऊ लागते आणि बऱ्याच जणांना मधुमेह जडतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जुनाट दाहात रक्तातील अमायलेज व लायपेज यांचे आकडे पुष्कळदा सामान्यच येतात, आणि साध्या सोनोग्राफीत सुरुवातीचा दोष सुटू शकतो. रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुखणे खोटे असे नव्हे. तशी शंका असल्यास डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल विचारावे.

“दारू पीत असेल” हा दुसरा शेरा. दारू हे या रोगाचे मोठे कारण आहे आणि तंबाखू-विडी त्यात भर घालते, हे खरेच. ज्याला हा रोग जडला त्याने दोन्ही कायमची सोडली पाहिजेत. त्याला दुसरा पर्याय नाही. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक भारतीय रुग्णांच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६० टक्के रुग्णांच्या बाबतीत दारू हे कारण नव्हतेच, निश्चित असे कारणच सापडले नव्हते. काहींमध्ये आनुवंशिक दोष असतो. तरुण मुले-मुली, थेंबही न घेतलेल्या गृहिणी यांनाही हा रोग होतो. अशा स्त्रीला गावात जे ऐकावे लागते ते दुखण्याइतकेच जड असते. आणि समजा एखाद्याला दारूनेच रोग झाला, म्हणून त्याच्या उपचाराचा हक्क कमी होतो काय?

उपचाराविषयी थोडक्यात. थोडे थोडे पण अनेकदा खाणे, पाचक रसाच्या कॅप्सूल जेवणाबरोबरच घेणे, साखर तपासत राहणे आणि वेदनाशामके पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणे, हा रोजचा भाग झाला. दुकानातून आणून गोळ्या वाढवीत गेल्यास मूत्रपिंडाला अपाय होतो, तर अफूवर्गातील औषधांची सवय लागते. नळीत खडे अडकले असतील तर दुर्बिणीने अथवा ध्वनिलहरींनी फोडून ते काढता येतात. काही रुग्णांना शस्त्रक्रियेने दीर्घकाळ आराम मिळतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे योजनेतील रुग्णालयात असलेल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दराने राखीव असतात, हेही लक्षात असू द्यावे.

आता रोजीरोटीचा प्रश्न. जामखेड तालुका अवर्षणाचा. दिवाळीच्या सुमारास येथली कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. त्यातला एक पोट धरून खोपीत पडला की दुसऱ्याच्या एकट्याच्या श्रमाने ती फिटत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचविते, “अपंगाचा दाखला काढा.” रुग्ण दोन-तीन फेऱ्या मारतो, जाण्यायेण्याचे भाडे भरतो आणि हात हलवीत परत येतो.

असे का होते? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अवघे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. स्वादुपिंडाचा दाह या २१ प्रकारांत नाही, आणि दाखला या प्रकारांनुसारच मिळतो. तपासणारे डॉक्टर दुष्ट असतात असे नाही. त्यांच्यापुढील तक्त्यात या रोगाला रकानाच नाही. दुखण्याची टक्केवारी मोजायची तरी कशी? तुटलेला पाय दिसतो. आपल्या जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अशा माणसांसाठी जयपूर फूट तयार केले गेले आणि ती चालू लागली. न दिसणाऱ्या दुखण्याला मात्र बसविण्यासारखा अवयव नाही.

तथापि यादी ही कायमची नसते. विदर्भातील आदिवासी व नवबौद्ध समाजात आढळणारा सिकलसेल हा देखील बाहेरून न दिसणारा, अचानक असह्य कळा आणणारा रोग. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता, २०१६ च्या कायद्यात आला. अन्य प्रकार अधिसूचनेने समाविष्ट करण्याचा अधिकारही केंद्र सरकारला आहे. मागणी करण्यास जागा आहे, आणि ती संघटितपणे केली पाहिजे असे माझे मत आहे.

तोपर्यंत दुसरे दार ठोठवावे, आणि ते तहसील कचेरीत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना केवळ अपंगांसाठी आहे हा गैरसमज आहे. २००८ च्या शासन निर्णयात क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग “यांसारख्या” दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या, ६५ वर्षांखालील स्त्री-पुरुषांचा उल्लेख आहे. या “यांसारख्या” शब्दावरच आपल्या रुग्णाचा अर्ज उभा राहू शकतो. मंजूर होईलच अशी हमी कोणी देऊ नये, पण हा अर्ज अपंगत्वाच्या टक्केवारीवर अडत नाही. अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नाची मर्यादा २००८ च्या निर्णयात वर्षाला २१,००० रुपये होती. चालू मर्यादा अर्जापूर्वी विचारून घ्यावी. रेशनकार्ड, उत्पन्नाचा, वयाचा व रहिवासाचा दाखला यांबरोबर शासकीय रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि खरी गोम त्यातच आहे.

नुसते रोगाचे नाव लिहिलेला दाखला फारसा उपयोगी पडत नाही. निवड करणाऱ्या समितीला रोग कळत नाही, माणूस काय करू शकत नाही ते कळते. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विनंती करावी की, आजार किती वर्षांचा आहे, किती वेळा भरती व्हावे लागले, वजन किती घटले, मधुमेह आहे काय आणि कष्टाचे काम होते की नाही, हे दाखल्यात लिहावे. यासाठी घरात एक वही ठेवावी. दुखण्याची तारीख, किती तास दुखले, कोणते औषध घेतले, किती दिवस रोज बुडाला, एवढेच लिहायचे. सर्व डिस्चार्ज कार्डे तारखेवार लावावीत.

लिहिता न येणाऱ्या रुग्णाचे काय? १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत दलित समाजातील स्त्रियाही होत्या. त्यांनी घरोघर जाऊन गावाचे आरोग्य बदलले. १९७९ साली आरोळे दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच्या मुळाशी या बायकांचे काम होते. ज्या तालुक्यात हे घडले तेथे शेजारच्या कॉलेजकुमाराने आठवड्यातून एकदा येऊन वही भरून देणे अवघड नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्याखाली विचारणा करावी; तेथे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांपुरती आहे, वाजवी सोयीसाठी ती लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. स्वादुपिंडाच्या रोगाबद्दल हा निकाल नाही, तरी त्यातील तत्त्वाचा आधार घेता येतो. परीक्षेत मधे उठण्याची मुभा, जवळ औषध व थोडे खाणे ठेवण्याची परवानगी, आजारपणातील गैरहजेरीची दखल, यांसाठी डॉक्टरांचे पत्र जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर सत्राच्या सुरुवातीसच द्यावा आणि त्याची एक प्रत वहीत ठेवावी.