भारतीय-चिनी मिश्र कुटुंबांची प्रवास कागदपत्रे

पती-पत्नींपैकी एक जण भारताचा आणि दुसरा चीनचा नागरिक असलेल्या कुटुंबाला एकत्र राहण्यासाठी व प्रवास करण्यासाठी जी पारपत्रे (पासपोर्ट), व्हिसा, नोंदणी प्रमाणपत्रे आणि परवाने लागतात, त्यांचा विचार या लेखात केला आहे. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीत. दोन्ही देशांत प्रवासाचा हक्क कुटुंबाला नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे मिळतो. त्यामुळे एकाच घरातील आई, वडील आणि मूल यांना एकाच प्रवासासाठी तीन निरनिराळ्या मार्गांनी अर्ज करावे लागू शकतात. त्याचबरोबर एकाच्या कागदावरील तारखेचा परिणाम दुसऱ्याच्या हक्कावर होतो. आईच्या व्हिसाची मुदत हा मुलाच्या नागरिकत्वाचा प्रश्न कसा बनतो, हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी माणसांना परिचित असलेले पहिले भारतीय-चिनी कुटुंब सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे होय. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. 'भारत' आणि 'चीन' या अर्थाची दोन चिनी अक्षरे जोडून त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉ. कोटणीस यांचे निधन झाले. त्या काळी भारताचा नागरिकत्व कायदाही नव्हता आणि चीनचा आजचा राष्ट्रीयत्व कायदाही नव्हता. आजचे नियम लावले, तर चीनमध्ये जन्मलेले असे मूल जन्मतः चिनी ठरते. भारतीय नागरिकत्वासाठी त्याची एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी करावी लागते.

१९६२ च्या युद्धाने भारतातील चिनी वंशाच्या कुटुंबांची परिस्थिती पालटली. त्या वर्षीच्या परकीय नागरिकविषयक कायद्याने, भारताविरुद्ध आक्रमण करणाऱ्या देशाचे नागरिक असलेल्यांबरोबरच, ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा कधीकाळी त्या देशाचे नागरिक होते अशांवरही निर्बंध घालण्याची तरतूद केली. राजस्थानातील देवळी येथील छावणीत चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना स्थानबद्ध करण्यात आले. येथे व्यक्तीच्या पारपत्रापेक्षा तिचा वंश निर्णायक ठरला होता.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी या गावी स्थायिक झालेल्या वांग छी यांचे उदाहरण याच काळातील आहे. चिनी सैन्यातील हे सर्वेक्षक जानेवारी १९६३ मध्ये भारतीय हद्दीत पकडले गेले. निरनिराळ्या तुरुंगांत काही वर्षे काढल्यावर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. तिरोडीत त्यांना 'राज बहादूर' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी तेथील स्त्रीशी विवाह केला व त्यांना मुलेबाळे झाली. मात्र ते भारताचे नागरिक नव्हते आणि त्यांच्याजवळ चिनी पारपत्रही नव्हते. त्यामुळे पत्नी व मुले भारतीय असलेल्या या माणसाला देश सोडण्याचा किंवा परत येण्याचा मार्गच खुला नव्हता. चीनने त्यांना २०१३ मध्ये पारपत्र दिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, ते कुटुंबातील काही जणांसह शान्शी प्रांतातील आपल्या गावी पोहोचले. त्यांच्या आईचे निधन २००६ मध्येच झाले होते.

विवाह आणि त्याचा पुरावा

भारतात असा विवाह सामान्यतः विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये होतो. वधू-वरांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते आणि विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यानंतर ३० दिवस थांबावे लागते. चिनी जोडीदाराला आपण अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते.

यापुढचा टप्पा हे प्रमाणपत्र दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवून घेण्याचा असतो. परदेशी कागदपत्रे एकाच शिक्क्याने प्रमाणित करण्याची सोय करणारा हेग येथील 'अपोस्टिल' करार चीनला ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला. भारतही या कराराचा सदस्य आहे, परंतु या दोन देशांमध्ये परस्परांसाठी तो लागू नाही. त्यामुळे नाशिकमध्ये नोंदलेला विवाह चीनमध्ये दाखवायचा असेल, तर प्रमाणपत्र आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नंतर चिनी वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. त्याशिवाय त्याचे चिनी भाषांतरही लागते. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी चीनचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे.

भारतातील चिनी जोडीदार

भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीला किंवा पत्नीला 'प्रवेश व्हिसा' मिळू शकतो. तो 'एक्स' या अक्षराने ओळखला जातो व त्याची मुदत वेळोवेळी वाढवून घेता येते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परकीयाने आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. मुंबईसारख्या महानगरांत हे काम परकीय नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालय पाहते, तर जिल्ह्यांत ती जबाबदारी पोलीस यंत्रणेकडे असते. २०१८ पासून यासाठी 'ई-एफआरआरओ' ही ऑनलाइन प्रणाली वापरात आहे. ज्याच्या हॉटेलात किंवा घरी परकीय नागरिक उतरतो, त्यानेही २४ तासांत त्याची माहिती कळवावयाची असते. वधूचे आईवडील लेकीला भेटायला चीनहून नाशिकला आले, तर हा नियम जावयाच्या घरालाही लागू पडतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ अमलात आला. त्याने पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम, १९२०, परकीय नागरिक नोंदणी अधिनियम, १९३९ आणि परकीय नागरिक अधिनियम, १९४६ यांसह चार जुन्या कायद्यांची जागा घेतली.

दीर्घ वास्तव्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग 'भारताचे परदेशस्थ नागरिक' (ओसीआय) या कार्डाचा. विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असल्यास परदेशी जोडीदार अर्ज करू शकतो. त्याआधी सुरक्षाविषयक मंजुरी आवश्यक असते. अर्जदार किंवा त्याचे पूर्वज पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असल्यास कार्ड मिळत नाही. कायद्यात या दोन देशांची नावे दिलेली असून अधिसूचनेद्वारे इतर देशांची भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. कार्डधारकाला अनेक वेळा प्रवेश देणारा आजीवन व्हिसा मिळतो, परंतु नावात 'नागरिक' हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. घटस्फोट झाल्यास जोडीदार या नात्याने मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. दुसरा मार्ग नोंदणीने भारतीय नागरिक होण्याचा आहे. त्यासाठी भारतीय नागरिकाशी विवाह आणि सात वर्षांचे वास्तव्य आवश्यक असते. हा मार्ग निवडणाऱ्याला चिनी राष्ट्रीयत्व सोडावे लागते आणि त्यानंतर माहेरी जाण्यासाठीही चिनी व्हिसा घ्यावा लागतो.

मुलांचे नागरिकत्व

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न मुलांचा असतो, कारण त्यांच्याबाबतीत दोन्ही देशांचे कायदे एकाच वेळी लागू होतात.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल दोन परिस्थितींत जन्मतः भारतीय ठरते : आईवडील दोघेही भारतीय असतील, किंवा एक भारतीय असून दुसरा 'अवैध स्थलांतरित' नसेल. अवैध स्थलांतरित या संज्ञेत सीमा चोरून ओलांडणाऱ्यांबरोबरच वैध कागदपत्रांवर येऊन परवानगीच्या मुदतीनंतरही राहिलेल्यांचाही समावेश होतो. म्हणजे वडील भारतीय असले, तरी मुलाच्या जन्माच्या दिवशी आईच्या चिनी पारपत्रावरील व्हिसा वैध होता की नाही, ही बाब मुलाच्या नागरिकत्वासाठी निर्णायक ठरते. त्यामुळे जन्मदाखल्याबरोबर त्या काळातील व्हिसा व नोंदणीच्या प्रती जपून ठेवणे महत्त्वाचे असते.

चीनचा राष्ट्रीयत्व कायदा १९८० चा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने दुहेरी राष्ट्रीयत्व अमान्य केले आहे. चौथ्या कलमानुसार आई किंवा वडील चिनी असतील, तर चीनमध्ये जन्मलेले मूल चिनी असते. पाचव्या कलमानुसार परदेशात जन्मलेले असे मूलही चिनी असते. याला एक अपवाद आहे : चिनी आई किंवा वडील परदेशी स्थायिक झालेले असतील आणि मुलाला जन्मतःच परकीय राष्ट्रीयत्व मिळाले असेल, तर ते मूल चिनी मानले जात नाही. त्यामुळे 'स्थायिक' या शब्दाचा अर्थ कसा लावला जातो, याला मोठे महत्त्व येते. मुदतीच्या व्हिसावर नाशिकमध्ये राहणारी आई स्थायिक ठरली नाही, तर भारताच्या दृष्टीने भारतीय असलेले तिचे मूल चीनच्या दृष्टीने चिनी ठरते.

अशा मुलाच्या भारतीय पारपत्रावर चीन व्हिसा देत नाही. आपल्याच नागरिकाला व्हिसा कसा द्यायचा, अशी त्यामागील भूमिका असते. त्याऐवजी चिनी वकिलात 'ल्यूशिंगचंग' नावाची प्रवासपुस्तिका देते. तिची मुदत दोन वर्षांची असते. चीनमध्ये जन्मलेल्या व असाच पेच असलेल्या मुलांना देशाबाहेर जाण्यासाठी तेथील यंत्रणा प्रवेश-निर्गमन परवाना देते.

भारतीय बाजूने येथे सावधगिरी आवश्यक असते. भारतीय नियमांनुसार दुसऱ्या देशाचे पारपत्र मिळवणे हा परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. ल्यूशिंगचंग हे औपचारिक अर्थाने पारपत्र नसले, तरी ते चिनी राष्ट्रीयत्व गृहीत धरूनच दिले जाते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्याच्या भारतातील परिणामांचा विचार करावा लागतो. मूल चीनमध्ये जन्मले असेल, तर भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत नोंदणी करताना त्याच्याकडे अन्य देशाचे पारपत्र नसल्याचे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. अशा रीतीने वंशपरंपरेने भारतीय झालेले मूल अन्य देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. अन्यथा त्याचे भारतीय नागरिकत्व संपते.

नावांमुळेही अडचणी उद्भवतात. मराठी पद्धतीच्या नावात वडिलांचे नाव मध्ये व आडनाव शेवटी येते, तर चिनी पद्धतीत कुलनाम आधी येते. एकाच मुलाचे भारतीय व चिनी कागदांवरील नाव वेगळे असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

चीनमधील भारतीय जोडीदार

चिनी नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला कुटुंबासाठीचा 'क्यू' वर्गातील व्हिसा मिळतो. 'क्यू-२' हा १८० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी असतो. 'क्यू-१' दीर्घ वास्तव्यासाठी असून प्रवेशानंतर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉटेलऐवजी सासरी उतरलेल्या परकीयाने २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करणे बंधनकारक आहे. जोडीदार या नात्याने कायम निवासासाठी विवाहाला पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तसेच त्या पाच वर्षांत दरवर्षी किमान नऊ महिने चीनमध्ये राहिलेले असावे लागते.

संरक्षित प्रदेशांतील प्रवास

एकाच देशात फिरतानाही कुटुंबातील व्यक्तींना वेगवेगळे नियम लागू होतात. सिक्कीम, अरुणाचल प्रदेश यांसारख्या सीमावर्ती भागांत परकीयांना संरक्षित क्षेत्र परवाना लागतो. बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी त्याचे नियम काही ठिकाणी शिथिल करण्यात आले आहेत, परंतु पाकिस्तान, चीन व अफगाणिस्तानच्या नागरिकांना केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ओसीआय कार्डधारकही संरक्षित क्षेत्र परवान्यातून मुक्त नसतात. त्यामुळे सिक्कीमच्या कौटुंबिक सहलीत भारतीय पतीला ओळखपत्र पुरते, तर चिनी पत्नीचा अर्ज दिल्लीपर्यंत जातो.

२०२० नंतरची परिस्थिती

कोविड-१९ च्या साथीत दोन्ही देशांनी प्रवेश थांबवला. मार्च २०२० अखेर चीनने निवास परवाना असलेल्या परकीयांनाही प्रवेश बंद केला. त्याच वर्षी सीमेवर गलवान येथे संघर्ष झाला आणि थेट विमानसेवा दीर्घकाळ बंद राहिली. त्यामुळे अनेक कुटुंबांतील पती-पत्नी वा मुले दोन देशांत विभागली गेली. भारताने चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणे २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगचौ मार्गाने थेट विमानसेवाही पुन्हा सुरू झाली. नातलगांच्या भेटीसाठी पर्यटक व्हिसाही वापरला जात असल्याने या कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला.

नाशिकशी संबंध

भारतीय पारपत्रांच्या कोऱ्या पुस्तिका नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. १९२५ मध्ये काम सुरू झालेल्या या मुद्रणालयात पारपत्रांबरोबर व्हिसाची चिकटपत्रे, टपाल तिकिटे व मुद्रांकही छापले जातात. इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या नव्या ई-पारपत्रांचे उत्पादनही येथेच होते. म्हणजे मिश्र कुटुंबातील भारतीय पतीची पारपत्र-पुस्तिका आणि चिनी पत्नीच्या पारपत्रावर चिकटवलेला भारतीय व्हिसा हे दोन्ही मूळचे याच मुद्रणालयातील असू शकतात.

नाशिकच्या रहिवाशांना भारतीय पारपत्रासाठी शहरातच पारपत्र सेवा केंद्र उपलब्ध आहे. मुलाचा जन्मदाखला महानगरपालिकेकडून मिळतो, तर चिनी व्हिसा, प्रवासपुस्तिका व साक्षांकन यांसाठी मुंबई गाठावी लागते. प्रत्येक कार्यालय आपल्या अखत्यारीतील एकाच कागदाचा विचार करते. त्यामुळे कोणत्या कागदाची मुदत केव्हा संपते आणि त्याचा घरातील इतरांवर काय परिणाम होतो, हा हिशेब कुटुंबालाच ठेवावा लागतो.