जुना डेस्कटॉप वेगवान झाला, पण कशामुळे?

पीएचडीला प्रवेश मिळाला की विभागात बसायला एक टेबल मिळतं. त्या टेबलावर बहुतेक वेळा आधीच्या दोन-तीन संशोधकांनी वापरलेला डेस्कटॉप असतो. माझ्या वाट्याला आला तो चौथ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा आणि ५०० जीबी हार्ड डिस्कचा. सकाळी बटण दाबायचं, खाली जाऊन चहा प्यायचा, परत यायचं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

शेवटी फेलोशिपचे पैसे आले तेव्हा एकाच दिवशी रॅम वाढवली आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. मशीन पळायला लागलं. मी खूश होऊन गाइडना सांगितलं. त्यांनी एकच शब्द विचारला, "कशामुळे?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि आधीची एकही नोंद नव्हती. त्यांचा प्रश्न नुसता खोचक नव्हता. लॅबमध्ये अगदी तशीच आणखी तीन मशीन होती आणि पैसे प्रत्येकी एकाच सुट्या भागापुरते होते. काय घ्यायचं? माझ्या 'प्रयोगातून' हे काहीच सांगता येत नव्हतं.

म्हणून हा लेख. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण संशोधनाला लागणारी शिस्त इथे फुकटात शिकता येते.

आधी अडतंय कुठे ते बघा

समजा, एखाद्या कामाला १०० सेकंद लागतात. त्यातली ८० सेकंद डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघण्यात जातात आणि २० सेकंद प्रोसेसर खरोखर काम करतो. आता तुम्ही दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर २० चे १० होतील, एकूण ९० सेकंद. उलट डिस्क दहापट वेगवान केली तर ८० चे ८ होतील, एकूण २८. पहिल्या पर्यायात मदरबोर्डसकट बरंच काही बदलावं लागेल आणि फरक जेमतेम जाणवेल.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये अनेक प्रोसेसर जोडून वेग किती वाढेल, या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता. एखादा भाग कितीही सुधारला तरी एकूण फायदा त्या भागात मुळात किती वेळ जात होता, त्यावरच ठरतो.

हार्ड डिस्क इतकी मागे का पडते?

साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका उडीला १२-१३ मिलिसेकंद आणि सेकंदाला जेमतेम ८० उड्या.

मोठी सलग फाइल कॉपी करताना हे खटकत नाही, कारण उड्या कमी असतात. पण विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना हजारो छोट्या फाइल इकडून तिकडून वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच, त्यामुळे अशी एक उडी मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होते. सलग कॉपीत एसएसडी चार-पाच पट वेगवान वाटेल, पण विखुरलेल्या वाचनात फरक शेकडो पटींचा असतो. रोजचं काम बहुतांशी विखुरलेलंच असतं.

लक्षण आणि कारण वेगळं असू शकतं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तुमची नेहमीची कामं सुरू करा आणि परफॉर्मन्समध्ये आकडे बघा. डिस्क १०० टक्के दिसली की लोक लगेच म्हणतात, "डिस्क बदला." जरा थांबा. त्याच वेळी मेमरी किती भरली आहे?

रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातली माहिती तात्पुरती डिस्कवर ठेवतं आणि लागेल तशी परत आणतं. या ने-आणीत डिस्क दमते. म्हणजे दुखतंय डिस्कला, पण आजार रॅमचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क १०० टक्के असेल, तर मात्र डिस्कच धिमी. दोन्ही निवांत आणि प्रोसेसर सतत भरलेला असेल, तर बघा पंख्यात धूळ अडकली आहे का. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

मोजायचं कसं?

- रोजची तीन कामं ठरवा. उदा. मशीन सुरू होणं, प्रबंधाची फाइल उघडणं, एक ठरावीक डेटा वाचणं.
- प्रत्येक काम तीनदा करा, वेळ वहीत लिहा.
- दर वेळी आधी 'रीस्टार्ट' करा. एकदा उघडलेली फाइल रॅममध्ये राहते, म्हणून दुसऱ्यांदा ती पटकन उघडते आणि आपण फसतो. 'शट डाउन'वर भिस्त ठेवू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही.
- एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा.

खरेदीआधी

डीडीआर-३ रॅमच्या जागी डीडीआर-४ बसत नाही, तिची खाचच वेगळ्या ठिकाणी असते. मदरबोर्ड किती रॅम घेतो आणि एखादा स्लॉट रिकामा आहे का, ते बघा. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घरच्या आवृत्त्यांत वायाच जाते. अशा जुन्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी सरळ चालते.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तुमचं काम आर, पायथन, लिब्रेऑफिस यांवर भागत असेल तर लिनक्स मिंट विचारात घ्या. फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर लागतं का, ते आधी तपासा.

आणि मशीन विभागाचं असेल तर ते डेडस्टॉक रजिस्टरवर असतं. लेखी परवानगी घ्या, काढलेला भाग जमा करा. सगळ्यात महत्त्वाचं, डिस्कला हात लावण्याआधी डेटाची प्रत दुसरीकडे घ्या आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, ती फक्त आशा आहे. दोन वर्षांच्या मुलाखती पुन्हा घेता येत नाहीत.

त्या तीन मशीनचं काय झालं?

या वेळी वही घेऊन बसलो. पहिल्या मशीनला एसएसडी हवी होती. दुसऱ्यावर एक सहकारी आरमध्ये मोठा डेटा उघडायची. आर सगळा डेटा रॅममध्ये घेतं, त्यामुळे तिथे रॅम लागली. तिसऱ्याला काहीच विकत घ्यावं लागलं नाही. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, झालं.

तिन्ही मशीन एकाच खरेदीतली, बाहेरून सारखीच. न मोजता तिन्हींना एकच औषध दिलं असतं तर कदाचित तिन्ही थोडी सुधारलीही असती, आणि आपलं निदान बरोबर होतं, असं मी आजही समजत बसलो असतो.

तुमच्या संशोधनातही असं होणार आहे. निकाल चांगला आला की 'कशामुळे' हे विचारायची इच्छाच होत नाही. नेमकं तेव्हाच विचारा.